एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडं

चादरीची एक बाजू कडक इस्त्रीची आणि दुसरी चुरगळलेली, अशीच ती टेबलावर पडली होती. टाकेकाकूंनी इस्त्रीची पिन उपसली आणि त्या जागी लॅपटॉपची लावली. टेबलापाशी प्लग एकच, आणि लॅपटॉपच्या बॅटरीने केव्हाच मान टाकलेली. वायर निघाली की जीव गेला.

"सूनबाई, अर्धीच टाकलीस गं चादर," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या.

"राहू दे आई, चादरीला कुठे गावाला जायचंय!"

"एक ना धड, भाराभर चिंध्या."

काकूंना सगळी गल्ली टाकेकाकू म्हणते, कारण शाळांच्या गणवेशांवरचे आणि दवाखान्याच्या डगल्यांवरचे बिल्ले त्या भरून देतात. आधी हाताने भरत, मग भरतकामाचं मशीन आलं. नक्षी लॅपटॉपमधून मशीनकडे जाते, आणि ती पाठवणारा प्रोग्राम फक्त लॅपटॉपमधल्या जुन्या सिस्टीमवरच चालतो. मशीनबरोबर आलेली सीडी कधीच खराब झाली, विकणारी कंपनीही उरली नाही. म्हणजे तो प्रोग्राम गेला की मशीन म्हणजे अडगळ. आणि घराची चूल त्या मशीनवर पेटते.

मग अशा लॅपटॉपला हात लावायची दुर्बुद्धी कशी झाली? तर काकांमुळे. काका छापखान्यात प्रूफं तपासायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका डोळ्यांनी वेचल्या आणि उतारवयात डोळ्यांनीच दगा दिला. आहे ते जपा, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकू वर्तमानपत्र वाचून दाखवत, पण मशीनवर बसल्या की वाचन बंद. मग काका खुर्चीत नुसते बसून राहत. कुणी विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणत, "मशीन ऐकतोय. आज दोरा सारखा तुटतोय." ते ऐकलं की काकू भेटेल त्याला उपाय विचारायच्या.

लिनक्स नावाची एक फुकटची सिस्टीम आहे, ती मराठी मजकूर मोठ्याने वाचते, हे त्यांना कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं.

"आणा लॅपटॉप. सगळं पुसतो, नवी टाकतो," तो म्हणाला.

"आणि माझा प्रोग्राम?"

"तो गेला समजा."

"अरे, एका घरात दोन जावा नांदतात, इथे दोन सिस्टीम नाही नांदायच्या?"

"नांदतात की! शेजारी शेजारी बसवता येतात. पण काकू, वाटणीत काही बिनसलं तर खापर माझ्या माथी नको. पेनड्राइव्ह बनवून देतो, तुम्हीच करा. एवढंच लक्षात ठेवा: 'शेजारी बसवा' असं येईल ते निवडायचं. 'सगळं पुसा'ला बोट लावायचं नाही."

काकूंनी सगळ्या नक्षी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवल्या. पण नक्षी उतरली तरी प्रोग्राम उतरत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. देवासमोर उभं राहून त्यांनी हात जोडले. "देवा, जे आहे ते राहू दे आणि जे नाही ते येऊ दे. दोन्ही मागतेय, हावरट म्हण हवं तर."

पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप चालू केला. निळा पडदा आला, भाषा विचारली, जागा विचारायची वेळ आली. आणि तिथे एकच ओळ होती: सगळं पुसा. 'शेजारी बसवा' कुठेच नाही.

काकूंचा हात असा मागे आला, जसा तापलेल्या तव्यावरून यावा.

"काय झालं गं?" काकांनी खुर्चीतून विचारलं.

"अहो, शेजारी बसवायचं विचारतच नाही हे."

"खाली बारीक अक्षरात काही असेल. बारीक अक्षरातच खरं असतं. वाच."

काकूंनी चष्मा वर-खाली करत वाचलं. आधीच्या सिस्टीममधलं काम अजून उघडं आहे, म्हणून तिच्या जागेला हात लावता येत नाही, असं काहीतरी होतं.

"उघडं कसं? मी तर बंद केलं," काकू पुटपुटल्या.

"बंद केलं म्हणतेस, आणि अर्धी चादर टेबलावर," सासूबाईंनी संधी सोडली नाही. "एक काम आटपल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, कितीदा सांगितलं तुला."

 काकूंनी कपाळावर हात मारला.

ह्या घरात लॅपटॉप कधी बंद होतच नव्हता! काकांचाच नियम होता तो. चालू व्हायला फार वेळ घेतो, गिऱ्हाईक दारात ताटकळतं, म्हणून बंद करायचा नाही, नुसतं झाकण लावायचं. झाकण लावलं की दिवा विझे, पंखा थांबे, सगळ्यांना वाटे झोपला. झोपलाच होता तो, पण कालचा बिल्ला तसाच उघडा पोटात साठवून, वायर काढली तरी न विसरता. झोपलेल्या माणसाच्या अंगाखालची सतरंजी कोण वाटून घेणार?

"आई, तुमच्या तोंडात साखर पडो!"

"साखर नको, चादर घे," सासूबाई म्हणाल्या, पण चेहरा फुलला होता.

काकूंनी पेनड्राइव्ह काढला, जुनी सिस्टीम उघडली. खरंच कालचा बिल्ला तसाच समोर होता. तो जतन केला, प्रोग्राम मिटला, आणि किती वर्षांनी कोण जाणे, लॅपटॉप रीतसर बंद केला. मग पुन्हा पेनड्राइव्ह. पुन्हा निळा पडदा. आणि ह्या वेळी पहिलीच ओळ: शेजारी बसवा.

कुणाला किती जागा, हे विचारणारी एक पट्टी आली. मधली रेघ ओढायची होती.

"जुनी ती थोरली जाऊ, तिला जास्त दे," सासूबाई म्हणाल्या. "तिने घर चालवलंय."

काकूंनी थोरलीला जास्त दिलं, धाकटीला पुरेसं दिलं, आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पट्टी भरत गेली तशी त्या नामस्मरण करत राहिल्या. मधेच सासूबाईंचा पाय वायरीजवळ आला, तर अशा ओरडल्या की म्हातारीने पलंगावर मांडीच घातली.

बसवून झालं. लॅपटॉप पुन्हा उठला आणि पडद्यावर दोन नावं एकाखाली एक उभी राहिली. काकूंनी आधी जुनी निवडली. धाकटीचं कौतुक नंतर, थोरली जिवंत आहे का ते आधी बघायचं होतं.

पडदा काळा झाला. त्यावर पांढरी अक्षरं धावू लागली.

"अहो, गेलं वाटतं!" काकू म्हणाल्या. बोट बंद करायच्या बटणावर गेलं.

"थांब. काय लिहिलंय ते वाच."

"तपासणी चालू आहे म्हणतंय. आकडे पळताहेत."

काका हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "अगं, प्रूफ तपासतंय ते. मजकूर हलवला की पान पुन्हा तपासावंच लागतं. तपासणाऱ्याच्या कामात हात घालू नये. बोट काढ."

काकूंनी बोट काढलं आणि पदरात गुंडाळून ठेवलं. आकडे पळाले, थांबले. मग जुना ओळखीचा पडदा उघडला. प्रोग्राम जागेवर. बिल्ला जागेवर. कोपऱ्यातल्या वेगळ्या प्लगवर मशीन चालू केलं, त्याची वायर लॅपटॉपला जोडली, फ्रेममध्ये कापड ताणलं, आणि सुई टाका टाकू लागली. पहिलं फूल भरून झालं तसा काकूंचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी धाकटीला उठवलं. दुरुस्तीवाल्याने सांगितल्याप्रमाणे वाचणारा आवाज चालू केला, आजची बातमी उघडली आणि लॅपटॉप काकांच्या मांडीवर ठेवला.

आवाज आला. सरळसोट, नाकातला, कुठेही दम न खाणारा, पण स्पष्ट मराठी.

काकांनी मान तिरपी केली. एक बातमी ऐकली, दुसरी ऐकली. मग कपाळाला आठी पडली.

"थांबव, थांबव त्याला. इथे स्वल्पविराम होता. गडी खाऊन गेला."

"तुम्हाला काय माहीत, होता की नाही?"

"तू बघ."

काकूंनी वाकून पाहिलं. स्वल्पविराम होता. काकांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली, एखादं मोठं पुस्तक बिनचूक छापून आल्यासारखी. पुढे कुठली कळ दाबली की ओळ पुढे जाते आणि कुठली दाबली की मागे, हे बोटांनी चाचपून त्यांनी जेवणाआधी शिकून घेतलं. मग जेवायलाही त्यांना उठवणं जड गेलं.

काकूंनी पुन्हा देवाला नमस्कार केला. हावरटपणा माफ झाला होता आणि वर व्याजही मिळालं होतं.

"आता हा बाबा दिवसभर नाकात बोलणार का घरात?" सासूबाईंनी कान झाकले. "आणि थोरलीची पाळी असेल तेव्हा काय? भांडणं लागतील."

"सकाळी बिल्ले, दुपारी वर्तमानपत्र. ठरलंय आमचं," काका डोळे मिटून म्हणाले.

काकूंनी लॅपटॉपची पिन काढायच्या आधी तो रीतसर बंद केला, इस्त्रीची पिन लावली आणि चादरीची उरलेली बाजू समोर ओढली. सकाळी आधी दुरुस्तीवाल्याकडे जाऊन काकांसाठी हेडफोन आणायचा होता.