चिंचेने घासलेला राजा

तुमच्या देव्हाऱ्यातलं जुनं नाणं तुम्ही चिंचेने घासता का?

माझी आत्या निवृत्त प्राध्यापक. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत बसून ती अफगाणिस्तान-पंजाबवर राज्य केलेल्या यवन, म्हणजे ग्रीक, राजांचा क्रम लावते. त्यांतल्या बहुतेकांबद्दल कुणी ओळही लिहून ठेवलेली नाही. उरली ती नाणी. त्यातल्या दोघांना आत्याने थोरला आणि धाकटा अशी नावं पाडली होती. थोरला आधीचा, यासाठी ती अख्खी कारकीर्द भांडली.

"नवा राजा कधीकधी जुन्याच्याच नाण्यावर आपला ठसा मारतो," ती सांगायची. "खालचा ठसा पुरता जात नाही."

"म्हणजे आपल्या गल्लीतली पोस्टरं!" मोर्च्यांची पत्रकं वाटत, भिंतींना खळ फासत वाढलेल्या मला ते लगेच कळलं. वरचं ते नंतरचं.

गेल्या वर्षी गिरगावातल्या एका काकूंनी बोलावलं. आजेसासऱ्यांनी पेशावरहून आणलेलं तांब्याचं चौकोनी नाणं त्यांच्या देवात होतं. दर सणाला देवांबरोबर घासलेलं, आणि आम्ही येणार म्हणून सकाळी पुन्हा. लखलखीत.

"अहो, आंघोळी घालून घालून राजाला झिजवलंत की!" आत्या कळवळली.

"मग काय पारोसा ठेवू देवात?" काकू फणकारल्या.

आत्याने नाणं खिडकीशी तिरकं धरून भिंग लावलं. वर थोरल्याचं नाव. कडेच्या खाचेत, चिंचेच्या तावडीतून सुटलेली, खालच्या ठशाची तीन ग्रीक अक्षरं. धाकट्याच्या नावातली.

म्हणजे थोरला नंतरचा. आत्याचा क्रमच उलटा पडत होता.

"एकच नाणं, तेही घासलेलं," मी कुजबुजलो. "गप्प राहिलीस तर कुणाला कळणार?"

"तुमच्या मोर्च्यात हेच शिकवतात का रे?"

काकूंची परवानगी घेऊन तिने फोटो काढले आणि जन्मभर तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्या अभ्यासकाला तिथूनच पाठवले. खाली लिहिलं, 'बहुधा तुमचंच बरोबर.' 'बहुधा' एवढ्यासाठी, की पुढची अक्षरं मोरीतून वाहून गेली होती.

सत्तेविरुद्ध घोषणा देणारे मी पुष्कळ पाहिलेत. स्वतःच्याच मताविरुद्ध पुरावा वाटणारी ही एकटी.

म्हणून विनंती आहे. घरात जुनं नाणं असेल तर ते काळं-हिरवं आहे तसंच राहू द्या, आणि एखाद्या जाणकाराला दाखवा. पारोशा राजावर देव रागावत नाही.