रेनडिअरचा चारा आणि आमचे दादा

काळजी करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण ती आपापले उद्योग सांभाळून उरलेल्या वेळात काळजी करतात. आमच्या हिचे मावसभाऊ काळजी सांभाळून उरलेल्या वेळात बाकीचे उद्योग करत. ही त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. दादा त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत होते आणि आम्ही टोकियोत, निशी-कसाईला. आमच्याकडे यायचं ठरलं की सकाळी त्यांचा फोन यायचा, "गाड्या वेळेवर आहेत ना?" ज्या देशात गाडी मिनिटभर उशिरा आली तरी माफी मागतात, त्या देशात हा प्रश्न! ठरलेली गाडी चुकली तर म्हणून ते तिच्या आधीची पकडत, आणि ती चुकली तर म्हणून तिच्याही आधीच्या गाडीला स्टेशनवर हजर असत. त्यामुळे जेवायला बोलावलेले दादा आमच्याकडे चहाला पोचत आणि मी दाढीचा साबण तोंडाला लावून दार उघडत असे.

त्यांच्या तोंडून 'हो' किंवा 'नाही' असा सरळ शब्द कोणी ऐकलेला नव्हता. त्यांचं एकच उत्तर, "सांगता येत नाही." उद्या पाऊस पडेल का, सांगता येत नाही. आमटीत मीठ बरोबर आहे का, सांगता येत नाही, पुढचा घास घेऊन बघतो. लग्नाआधी मुलगी बघायला गेले तेव्हा परतताना मावशींनी विचारलं, "पसंत आहे ना रे?" तर म्हणाले, "एका भेटीवरून कसं सांगणार? नमुना फार लहान आहे." निरोप देणाऱ्या मध्यस्थाने हे वाक्य जसंच्या तसं मुलीच्या घरी पोचवलं. मुलगी म्हणाली, "मग मोठा नमुना घ्या म्हणावं," आणि पुढच्या रविवारी स्वतःच त्यांना सारसबागेत बोलावलं. त्याच आमच्या वहिनी. वहिनींना दादांच्या 'सांगता येत नाही'मधले वेगवेगळे सूर ओळखता येत. कुठल्या सुरात होकार आहे आणि कुठल्यात नकार, हे त्या आम्हाला समजावून सांगत.

दादांचा विषय होता लायकेन, आणि त्यातही रेनडिअर खातात ते. जपानी लोक त्याला हानागोके म्हणतात, म्हणजे फुलशेवाळ. ते फूल नव्हे आणि शेवाळही नव्हे, हे दादा समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. एक बुरशी आणि एक हिरवं सूक्ष्म शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार. बुरशीने घर बांधायचं, ओल धरून ठेवायची. शैवालाने उन्हात स्वयंपाक करायचा. दोघांपैकी कोणी एकटं त्या उघड्या डोंगरावर टिकायचं नाही. दिसायला राखाडी-पांढरं, फांद्याफांद्यांचं, बोटभर उंचीचं झाड, आणि वर्षभरात वाढणार जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलुखात रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून हेच खातात. एकदा कळप चरून गेला की ती जागा पुन्हा भरायला माणसाचं निम्मं आयुष्य जातं. हे सांगताना दादांच्या चेहऱ्यावर अशी काळजी असे, की जणू कळप आत्ता आमच्या जिन्यात उभा आहे.

या प्रेमापायी त्यांनी आम्हाला चारचौघांत अनेकदा तोंडघशी पाडलं. एकदा आम्ही घर घ्यायचा विचार करत होतो, म्हणून नव्या इमारतीचं विक्री कार्यालय बघायला गेलो. हौसेने दादांनाही नेलं. मधोमध काचेखाली इमारतीची छोटी प्रतिकृती होती. चिमुकल्या गाड्या, चिमुकली माणसं आणि भोवती हिरवीगार झाडी. दादा वाकले, त्यांनी खिशातलं भिंग काढलं आणि त्यांचा चेहरा पडला. ती झाडं म्हणजे रंगवलेलं रेनडिअरचं लायकेन होतं. खेळण्यातल्या आगगाड्यांभोवतीची आणि असल्या प्रतिकृतींमधली झुडपं त्याचीच करतात. "हे झाड वीसेक वर्षांचं असेल," दादा विक्रेत्याला जपानीत म्हणाले. तो बिचारा कमरेत वाकून म्हणाला, "नाही हो, इमारत अगदी नवीन आहे." दादांनी त्याला बराच वेळ समजावलं, आणि शेवटी त्या माणसाने दादांची, झाडाची आणि बहुधा रेनडिअरचीही माफी मागितली. घर आम्ही घेतलं नाही.

मग तो मोठा भूकंप झाला. अणुभट्टीची बातमी आली आणि त्याच आठवड्यात वहिनी आणि त्यांची लहानगी मुलगी मनू पुण्याला गेल्या, आठ-दहा दिवसांसाठी म्हणून. दादा इकडेच राहिले. त्यांच्या लायकेनला मुळं नसतात, जे काही घ्यायचं ते हवेतून आणि पावसातून. म्हणजे हवेत जे आलं, ते सगळं तेही पिऊन बसलं. पूर्वी रशियाकडची भट्टी फुटली तेव्हा दूर उत्तरेतल्या रेनडिअरचं मांस याच चाऱ्यामुळे टाकून द्यावं लागलं होतं, हे दादांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. आता ते स्वतः दर आठवड्याला डोंगर चढत, नमुने आणत, किरणोत्सर्ग मोजायच्या मशीनवर ठेवत आणि आकडे बघून आणखी वाळत. निशी-कसाईतल्या भारतीय बायका त्यांना फोन करून विचारत, पालक आणू का, दूध कुठलं घेऊ. दादा प्रत्येकीला अर्धा तास देत, आणि अर्ध्या तासाअखेरीस तिला काय कळे, तर सांगता येत नाही.

आठ-दहा दिवसांचं दीड वर्ष झालं. मनू पुण्यातल्या शाळेत जाऊ लागली. दर रविवारी वहिनी फोनवर विचारत, "येऊ का आम्ही?" आणि दादा त्यांना या महिन्यातला पाऊस, वाऱ्याची दिशा आणि मातीचे आकडे सांगत. वहिनींना ओळखू येणारे ते सगळे सूर फोनवर कुठे तरी गळून जात असावेत. ही चिडून मला म्हणायची, "एक दिवस ती विचारायचं बंद करेल, मग बसेल हा दगडाला भिंग लावून." मला तीच भीती वाटत होती. दादांच्या घरी गेलं की मनूची छोटी सायकल दारात तशीच उभी दिसायची, तिच्या टायरमध्ये ते दर आठवड्याला हवा भरून ठेवायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वहिनी मनूला घेऊन आल्या. शेवटचं काय ते ठरवायला आल्यात, हे कोणी बोललं नाही तरी सगळ्यांना माहीत होतं. रविवारी आम्ही जेवायला त्सुकुबाला गेलो. वहिनींनी गोडा मसाला ताजा भाजला होता, घर घमघमत होतं. पानं वाढता वाढता त्या हिला हळूच म्हणाल्या, "खोबरं, धणे मी आणले होते, पण दगडफूल विसरले. तर ह्यांनी माझ्या डब्यात भरून ठेवलेलं! घरात साखर नाही, चहा नाही, आणि दगडफूल मात्र डबाभर. जरा चुरा झालाय, पण बाई, माझा मसाल्याचा डबा ह्यांनी रिकामा ठेवला नाही." वहिनींचे डोळे भरून आले होते.

आमटी कडवट होती. पण एवढ्या दिवसांनी जुळून आलेल्या पंगतीत कोण बोलणार? मी निमूट भुरके मारले. मनूने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "निगाई!" जपानीत कडू. दीड वर्षात तिच्या तोंडचा हा पहिला जपानी शब्द. दादा इतके हरखले की अर्थाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. "विसरली नाहीये ती!" म्हणत त्यांनी स्वतःला पुन्हा आमटी वाढून घेतली आणि पळी मनूच्या वाटीकडे नेली. मग ही बोलून गेली, "दादा, तू दगडफूल कुठून आणतोस रे? आमच्याकडच्या दुकानात कधीच नसतं."

दादांचा हात वाटीवरच थांबला. "दगडफूल? मी कुठे आणलं?"

वहिनींनी डबा आणून समोर ठेवला. दादांनी तो उचलून आधी उलटा केला. प्रयोगशाळेत झाकणावर कधी नाव लिहीत नाहीत, झाकणं बदलतात. त्यामुळे दादांनी नमुन्याचं नाव शिस्तीने डब्याच्या बुडाला चिकटवलं होतं. वहिनींनी डबा रिकामा करून तितक्याच शिस्तीने घासून ठेवला होता. बूड लखलखत होतं.

"दगडफूल हेही लायकेनच, पण हे माझं हानागोके होतं," दादा म्हणाले. "संस्थेतली कपाटं भरली, आणि तुझ्या डब्यांची झाकणं इतकी घट्ट बसतात..."

"कुठलं?" ही ओरडली. "आधीचं की नंतरचं?"

"घरी मी अपघाताच्या आधीचेच नमुने ठेवले आहेत," दादा म्हणाले, आणि लगेच, "बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय, दादा!"

मी वातावरण हलकं करायला विचारलं की माणसांनी हे खाल्लेलं चालतं का. दादा पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "चालतं. दुष्काळात उत्तरेकडचे लोक खायचे. कडू आम्ल काढायला राखेच्या पाण्यात उकळून." मी म्हटलं, आपण राख कुठे घातली. कोणी हसलं नाही. वहिनी मनूला कुशीत घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. दादांनी उरलेली आमटी मनूच्या शाळेच्या जुन्या डब्यात ओतली, हेल्मेट चढवलं आणि सायकलवर बसले. त्या अवस्थेत त्यांना एकटं सोडणं बरं नव्हतं, म्हणून मी वहिनींची सायकल घेऊन मागे निघालो. रुंद, रिकामे रस्ते, दुतर्फा पिवळीधमक झाडं आणि पुढे बास्केटमध्ये आमटी घेऊन चाललेले दादा. रस्त्यात एकही गाडी नसताना ते लाल दिव्याला थांबले, आणि मीही थांबलो.

संस्थेतलं मशीन एका जाड शिशाच्या पेटीत होतं. दादांनी आमटी आत ठेवली, झाकण लावलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. मोजायला वेळ लागतो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला वाटत असेल हा माणूस बायकोला ये म्हणत नाही, म्हणजे ह्याला काळीज नाही."

"तसं कोण म्हणतंय?"

"मी ये म्हणायचं, आणि पोरीला पुढे काही झालं तर? ये म्हणणारा मी. आणि नको म्हणालो, तर त्या येणारच नाहीत. दोन्ही शब्द मला भरवशाचे वाटत नाहीत हो." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "आणि आज मीच तिला दुसऱ्यांदा वाढायला निघालो होतो." इतका घाबरलेला माणूस मी जवळून पाहिला नव्हता. मला त्यांची दया आली, आणि घरी बसलेल्या वहिनींची त्याहून जास्त.

मशीनमध्ये काही निघालं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. दादांनी मात्र ते पुन्हा लावायला घेतलं, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

आम्ही घरी आलो तेव्हा पानं तशीच होती, मनू झोपली होती. दादा बूट काढता काढताच म्हणाले, "काही नाही. म्हणजे मशीनला दिसेल इतकं काही नाही. आता मशीनला दिसत नाही याचा अर्थ..."

"अहो," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी दीड वर्ष मशीनला विचारत नाहीये. तिकडे पुण्यातही लोक मला आकडे विचारतात, ते मला पाठ आहेत. मी तुम्हाला विचारतेय. आम्ही येऊ का?"

दादा एक बूट पायात आणि एक हातात घेऊन उभे राहिले. ही माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. त्यांचे ओठ 'सांगता' म्हणण्यासाठी उघडलेले मी पाहिले. मग ते म्हणाले, "मला फार भीती वाटते. रोज वाटते. तुम्ही आलात की आणखी वाटेल. पण मला तुम्ही दोघी इथे हव्या आहात. या."

वहिनी उठल्या, कडू आमटीचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ ते घासत राहिल्या. हिने आत डोकावून पाहिलं आणि मला खुणेने सांगितलं, रडतेय, रडू दे.

मनूचं पुण्यातलं वर्ष संपल्यावर दोघी आल्या. दादा अजिबात बदलले नाहीत. मनू सायकलवरून शाळेत निघाली की ते कोपऱ्यापर्यंत मागून चालत जात, तिला कळू न देता, आणि तिला ते नेहमी कळत असे. पुढे संस्थेतला करार संपला आणि तिघंही पुण्याला परतले. पुण्याच्या हवेत लायकेन धड वाढत नाही, ही आता त्यांची नवी काळजी आहे.

इकडे जमीन हलली की पुण्याहून पहिला फोन दादांचा येत असे. आमच्या भांड्यांचा खणखणाट थांबायच्या आत. परवा संध्याकाळी, म्हणजे पुण्यातल्या दुपारी, चांगलीच हलली. मी फोन हातात घेऊन बसलो. वाजला नाही. शेवटी न राहवून मीच लावला. वहिनींनी उचलला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "झोपलेत दुपारचे. हल्ली त्यांना गाढ झोप लागते. उठवू का?"

मी म्हटलं, नको, झोपू दे. फोन ठेवला आणि ही आत भांडी सावरत असताना अंधारायला लागलेल्या त्या खोलीत एकटाच बसून राहिलो. आमची काळजी करायला आता कोणी जागं नव्हतं.