दोन सिम आणि एक सिलिंडर

हसणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे चहा आधी संपवून घ्या. ठसका लागला तर मी जबाबदार नाही. व्हिएतनामला जाऊन मी जी माती खाल्ली ना, ती आमच्या अख्ख्या खानदानात कुणी खाल्ली नसेल!

मी अंबरनाथच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. बावीस वर्षं. पार्टमध्ये केसाएवढा फरक असला तरी मी माल परत पाठवतो. हे लक्षात ठेवा, पुढे माझीच लाज काढायला उपयोगी पडेल.

तर मी आणि स्मिता, म्हणजे आमची सौ., आठ दिवसांच्या टूरला निघालो. तिकडचं सिम उल्हासनगरच्या एका दुकानातून घेतलं. दुकानदार सिंधी, भला माणूस. म्हणाला, "साईं, आपका पुराना सिम निकालने का नहीं. दो सिम का फोन है, दोनों रहने दो. ओटीपी के काम आएगा."

पण ऐकलं तर तो मी कसला? परदेशात आपलं सिम चालू ठेवलं की बिल येतं, हॅक होतं, काय काय होतं! मी ठरवलं, सिम काढून पाकिटात. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं.

निघायच्या दिवशी सकाळी मांजर्लीच्या घरी डायनिंग टेबलावर बसलो आणि सिम काढलं. तेवढ्यात आई म्हणाली, "विजू, माझ्या फोनची रेंज जाते रे सारखी." म्हटलं आण, तुझंही सिम पुसून देतो. दोन्ही सिम एकाच कंपनीची. दोन्ही एकाच ताटलीत ठेवली, रुमालाने पुसली. स्मिता म्हणाली, "अहो, चिठ्ठीत गुंडाळून नावं तरी लिहा."

"बावीस वर्षं क्वालिटीत काढली मी! दोन सिम ओळखता येणार नाहीत मला?"

एक आईच्या फोनमध्ये घातलं, एक कुंकवाच्या पुडीसारखं कागदात बांधून पाकिटात टाकलं.

मग आईला शेवटचा उपदेश. आई पंच्याहत्तरीची, घरी एकटी. आजकाल चोर कसे फसवतात तुम्हाला माहीत आहेच. मी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर कागदच चिकटवला. 'मेसेजमधला आकडा कुणालाही सांगायचा नाही. परदेशी नंबरवरून फोन आला तर तो चोर. आवाज माझा असला तरी चोर.' खाली सही केली. हो, सही! सवय आहे ना कारखान्यातली.

दोन दिवस मजेत गेले. आईशी रोज व्हॉट्सॲपवर बोलणं व्हायचं, घरी वायफाय आहे. एकदा ती म्हणाली, "अरे, तुझ्या कारखान्यातला एक जण मला फोन करून गॅस्केट कुठे ठेवलंय विचारत होता. मी म्हटलं, वाण्याकडे बघा."

मी कौतुकाने स्मिताला म्हटलं, "बघ, माझ्यावाचून अडतं त्यांचं. आईचा नंबरसुद्धा शोधून काढला!"

अहो, तेव्हाच डोक्यात उजेड पडायला नको होता का? नाही पडला.

रविवारी माझ्या भाचीला, रेवाला, बघायला मुलाकडचे येणार होते. कार्यक्रम आईकडे. ताई कात्रपला राहते, तिचं घर लहान. आणि आईने जाहीर केलं होतं, नातीच्या पाहुण्यांना पुरणपोळ्या मी माझ्या हातच्या वाढणार. अकरा माणसं! रेवाला मुलगा मनापासून आवडला होता, तेव्हा पाहुणचारात कुठे कमी पडायला नको होतं.

रविवारी सकाळी आम्ही बोटीत बसायला निघालो, तेवढ्यात आईचा व्हॉट्सॲप कॉल.

"विजू, गॅस संपला! अर्धी डाळ कच्ची आहे. तू बुक केलेला सिलिंडर घेऊन माणूस दारात आलाय, पण कोड मागतोय. गॅस तुझ्या नंबरवर आहे ना? कोड बघ लवकर."

मागून गॅसवाला म्हणाला, "काकू, पंधरा मिनिटं थांबतो. गाडी गेली की मग उद्याच."

"आई, शेजारून सिलिंडर आण."

"या वयात सिलिंडर मागत फिरू? तू कोड दे!"

हट्टाला पेटलो! बोट गेली तर जाऊ दे. स्मिताच्या मंगळसूत्राची सेफ्टी पिन काढली, फोनचा ट्रे उघडला, पुडीतलं सिम बसवलं. रेंज शून्य. फोन बंद केला, चालू केला. खिडकीपाशी गेलो, रस्त्यावर गेलो, कठड्यावर चढलो. आमचा गाइड घाबरून हात जोडायला लागला, त्याला वाटलं मी उडी मारतोय.

शेवटी तिकडच्या सिमवरून कस्टमर केअरला फोन लावला, माझा नंबर सांगितला.

"सर, आपका नंबर चालू है. होम नेटवर्क में है."

"होम कसलं? मैं व्हिएतनाम में खडा हूँ!"

"सर, सिस्टिम में तो आप महाराष्ट्र में हैं."

"अरे, मैं आपसे बोल रहा हूँ ना? मेरे को मालूम नहीं मैं किधर है?"

स्मिता शांतपणे म्हणाली, "अहो, तुमच्याच नंबरवर एकदा फोन लावून बघा ना."

मी चिडून लावला. रिंग वाजली! आणि पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोण?"

आई!

आईचं सिम माझ्या पाकिटात आणि माझं तिच्या फोनमध्ये. गॅस्केट, गॅसवाला, सगळं एका क्षणात कळलं.

"आई, मी विजू! तुझ्या फोनवर मेसेज आलाय बघ. त्यातला आकडा त्या माणसाला सांग."

"तीन मेसेज आलेत. पण सांगणार नाही. परदेशी नंबर दिसतोय तुझा. चोर आहेस तू."

"अगं, मीच आहे! आवाज ऐक ना!"

"आवाज त्याचा असला तरी चोर. फ्रिजवर लिहिलंय."

मागून गॅसवाला म्हणाला, "हो ना काकू, सही पण आहे."

"आई, काहीही विचार. घरातली कुठलीही गोष्ट विचार!"

आई म्हणाली, "बरं. माझा विजू नववीत असताना, होळीला डब्यातल्या सात पुरणपोळ्या कोणी संपवल्या?"

आता काय करू? त्या पोळ्या मी खाल्ल्या होत्या आणि नाव ताईचं सांगितलं होतं. बिचारीने आठ दिवस बोलणी खाल्ली. इतकी वर्षं मी कबूल झालो नाही. पण रेवाच्या लग्नाचा प्रश्न! मी डोळे मिटले आणि भर रस्त्यात ओरडलो, "मी खाल्ल्या! सातच्या सात मीच खाल्ल्या!"

"बघ, पकडला की नाही?" आई म्हणाली. "माझा विजू मेला तरी हे कबूल करणार नाही. ठेव फोन, मेल्या!"

आणि कट!

मी हताश होऊन कठड्यावर बसलो. स्मिता पोट धरून हसत होती, गाइड तिला पाणी देत होता. आईला व्हॉट्सॲपवरूनच सांगायला हवं होतं हे तेव्हा कुठे सुचलं, तेवढ्यात ताईचा व्हॉट्सॲप कॉल आला. ती नुकतीच आईकडे पोचली होती, आणि आई नेहमी स्पीकरवर बोलते.

"सगळं ऐकलं मी," ताई म्हणाली.

"ताई, माझं सिम आईच्या फोनमध्ये गेलंय. ओरड नंतर, आधी कोड दे त्याला!"

"दिला. सिलिंडर लागलासुद्धा."

बोट गेली होती. उरलेला दिवस आम्ही हॉटेलवर काढला. संध्याकाळी ताईने फोटो पाठवला. तुपाने चमकणाऱ्या पुरणपोळ्या, लाजलेली रेवा, खूश झालेले पाहुणे. माझे डोळे भरून आले हो, खोटं कशाला सांगू?

फोटोच्या खाली ताईचा मेसेज होता.

'तुझ्यासाठी आईने सात पोळ्या फ्रीजरमध्ये ठेवल्यात. आज मी त्या सगळ्या खाणार आहे. आईने विचारलं तर तुझं नाव सांगेन.'