माह्या प्रणालीच्या नावाची स्कॉलरशिप
बायांनो, आज भातकुलीच्या शाळेत माह्या प्रणालीच्या नावाची सायन्सची स्कॉलरशिप दिली. प्रणाली माही पोरगी. दोन वर्षं झाली तिले जाऊन.

हेडसर माइकवर म्हणे, प्रणाली लहानपणापासून हुशार, शास्त्रज्ञच झाली असती. मी खुर्चीत बसून आयकत होती. रडू नाही आलं. काहीच नाही आलं.

स्कॉलरशिप भेटलेली, बारावीत पहिली आलेली पोरगी माह्या पाया पडली अन् हळूच म्हणते, "काकू, मले भेव लागते. ताईसारखं जमन काय मले?"

म्हटलं, "अवं बाई, ती फिजिक्समदी नापास झालती. दुसऱ्या खेपीले पास झाली."

पोरगी खुदकन हासली. बाजूले उभ्या हेडसरचं तोंड उतरलं.

मी घरी आली तवापासून नुसती बसून हाय. सांगा बरं, मेलेल्या पोरीले हुशार केल्याबिगर तिचं नाव घेता येत नाही काय?