पुलाखालची परांची

"अहो, या डोलकाठ्या नाहीत. परांची आहे ही."

माझी बायको वसुधा खांद्यावरची पर्सही न उतरवता चित्रासमोर उभी होती. शुगर लँडला घरी जायचं म्हणून ती मला पिकअप करायला आली होती. दोन दिवसांवर ओपनिंग.

१९८५-८६ची गोष्ट. मी ह्यूस्टनच्या एका म्युझियममध्ये लेबलं लिहायचो. लेबल म्हणजे चित्राशेजारच्या भिंतीवरची छोटी पाटी. साठ शब्दांच्या वर जायचं नाही. प्रदर्शन इम्प्रेशनिस्ट निसर्गचित्रांचं होतं. या चित्रात फ्रान्समधली एक नदी, वर पूल, सगळीकडे ऊन. मी लिहिलं होतं, 'पुलाखाली होड्यांच्या डोलकाठ्या संथ डुलताहेत.' 'संथ डुलताहेत'वर मी भलताच खूश होतो.

"कशावरून परांची?"

"डोलकाठ्यांना आडवे वासे ठोकलेले कधी पाहिलेत? पूल दुरुस्तीला काढलाय." वसुधा पुलांची डिझाइनं करते. "दोन वर्षं आर्ट हिस्टरी शिकलात ना?"

"चार."

"मग बोलायलाच नको."

सकाळी लायब्ररी गाठली. तो पूल १८७०च्या युद्धात फ्रेंच सैन्यानंच उडवला होता, शत्रूनं नदी ओलांडू नये म्हणून. युद्ध हरले. पाठोपाठ पॅरिसमध्ये बंड झालं, ते सरकारनं गोळ्या घालून मोडलं. त्यानंतर सगळ्यांनाच देश सावरलेला दिसायला हवा होता, सरकारला आणि चित्रं विकत घेणाऱ्यांनाही. म्हणून ही नदी, हे ऊन. चित्रकारानं निदान परांची तरी ठेवली होती. मी तिच्या होड्या केल्या.

बॉस कॅरल म्हणाली, "लेबल छापून आलंय. कोणाला कळणार आहे?"

"माझ्या बायकोला कळलं."

"ती रोज येणार आहे का?" मग गंभीर होऊन म्हणाली, "हे बघ, चित्र मिस्टर हॉकिन्सचं आहे. युद्ध, बंड असलं काही लिहिलंस आणि त्यांनी चित्र परत नेलं, तर तुझी नोकरी मी वाचवू शकणार नाही."

"मीच त्यांना विचारतो."

"विचार. मला मध्ये घेऊ नकोस."

हॉकिन्स दुपारी आले. उंच, हळू बोलणारे म्हातारे गृहस्थ. पुलाची हकीकत ऐकून म्हणाले, "हे चित्र आमच्या डायनिंग रूममध्ये असायचं. माझ्या बायकोला त्यात कधी युद्ध दिसलं नाही."

"मलाही नाही दिसलं. मी तर होड्या पाहिल्या," म्हणालो आणि जुनं लेबल त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून चित्राला नाक लावलं. "होड्या?"

"होड्या."

"युद्ध लिही. बंड गाळ."

"बंड गाळलं तर इतकं ऊन का आहे ते कळणार नाही, सर."

ते पुन्हा चित्राकडे वळले. मी घराच्या मॉर्गेजचा विचार करत होतो. मग म्हणाले, "दोन्ही लिही. पण 'सुंदर' हा शब्द हवा. तिला ते सुंदर वाटायचं."

आमच्या धंद्यात लेबलावर 'सुंदर' लिहिणं म्हणजे आळशीपणा समजतात. मी लिहिला. जागा करायला प्रकाशावरची माझी दोन लाडकी वाक्यं कापली.

ओपनिंगला लोक वाकून वाकून परांची बघत होते. आभाळाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. वसुधानं लेबल वाचून विचारलं, "'सुंदर' कोणी घुसडलं?"

तेव्हापासून चित्रातल्या प्रकाशावर लिहिण्याआधी तो कशावर पडलाय ते बघतो. आणि लेबल छापायला टाकण्याआधी घरी दाखवतो.