आडनाव विचाराल तर भांडी घासा!

"वरचा मजला शीख मुलींना, खालचा हिंदू मुलींना. ठरलं!"

"ठरवणारे तुम्ही कोण?"

"सेक्रेटरी आहे मी या कॉलेजचा!"

"आणि मी होस्टेलची मेट्रन! किल्ल्या माझ्या कमरेला आहेत!"

भांडण असं ऐन रंगात होतं. त्याचं पुढं सांगतेच. पण चंदीगढच्या त्या होस्टेलचे किस्से माळ्यावरच्या भांड्यांसारखे रचलेत. एक काढावं तर चार डोक्यात पडतात! ते दहशतवादाचे दिवस. कुठंतरी अतिरेकी बस थांबवायचे, नावं विचारून हिंदू माणसं वेगळी काढायचे नि गोळ्या घालायचे. रेडिओवर बातम्या लागल्या की माझ्या मुलींचा घास हातातच राहायचा.

*

आमचं कॉलेज ना सरकारनं काढलं, ना कुणा शेठजीनं. जोडे शिवणाऱ्या, झाडू मारणाऱ्या लोकांनी रविवारी-रविवारी विटा वाहून उभं केलं. त्यांच्या लेकींना दुसरीकडं खोली मिळायची, पण आडनाव कळलं की पाण्याचा माठ वेगळा! म्हणून पहिला नियम: इथं आडनाव विचारायचं नाही. जो विचारेल, त्यानं त्या दिवशी सगळ्यांची भांडी घासायची.

मी अकोल्याची. मालक हवाई दलात, बदलीवर आलो. शाळेची पायरी मी चढले नाही, किराण्याच्या पुड्यांचे कागद जोडून वाचायला शिकले. आणि आज इंग्रजी पेपर वाचते, कुणाच्या बापाची मदत न घेता! मुलाखतीत मीच प्रिन्सिपलबाईंना विचारलं, "तो भांड्यांचा नियम तुम्हालापण?"

"पहिला मलाच!" त्या म्हणाल्या.

तिथंच नोकरी पक्की केली.

*

इंग्रजीचे नवे प्राध्यापक होस्टेलवर जेवायला आले. लाडानं एका मुलीला विचारलं, "बेटा, पूरा नाम?"

आमच्या बलजीतनं उठून त्यांच्या हातात काथ्या दिला. "सरजी, नलका उधर है."

बिचाऱ्यांचा कोट कढईनं काळा झाला! पण माणूस मजेचा. पुढं दर शनिवारी हजर. "आज किसी ने पूछा? नहीं? तो मैं ही पूछ लूँ?"

त्यांच्या घरी काय वातावरण असेल, देव जाणे!

*

एकदा नाक्यावर पोलिसांनी आमची बस थांबवली. हवालदारानं एका मुलीला विचारलं, "साथ वाली का पूरा नाम?"

"पता नहीं जी."

"कब से साथ रहती हो?"

"तीन साल."

झालं! सगळ्यांना खाली उतरवलं. दोघी चुलत बहिणी सोडल्या तर एकीलाही दुसरीचं आडनाव सांगता येईना. हवालदाराचा हात बंदुकीकडं. मी पुढं झाले. "अहो, ही झोपेत बडबडते, हिला वांगं चालत नाही, हिचा बाप रिक्षा चालवतो. आडनाव सोडून काय वाट्टेल ते विचारा!"

त्यानं कपाळाला हात लावला. "माताजी, ले जाओ इन्हें!"

तो हसला. मुली नाही हसल्या. उद्या बस दुसऱ्याच कुणी थांबवली तर?

*

आता ते भांडण. आदल्या दिवशी जवळच एक बस अडवून माणसं मारली होती. सेक्रेटरीसाहेब सकाळीच आले, दाढीसुद्धा न करता. वाईट माणूस नव्हता, घाबरला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "कुणी बंदुका घेऊन आलं, तर निदान अर्ध्या वाचतील."

"कुठल्या अर्ध्या?" मी म्हटलं. तिथून आवाज चढले, मुली गोळा झाल्या.

बलजीत आणि कमलेश चुलत बहिणी. एकीचा बाप पगडी बांधणारा शीख, दुसरीचा केस कापून घेणारा हिंदू. त्यांच्या वस्तीत असं घरोघरी. दोघी एकाच रजईत झोपायच्या. "एकेक पुढं या, कोण काय ते सांगा," असं साहेबांनी म्हणताच कमलेशनं बलजीतची ओढणी मुठीत धरली. बाकी कुणी जागची हलली नाही.

"मेट्रनबाई, तुम्हीच सांगा," साहेब ओरडले. "नाहीतर होस्टेल आजच बंद! सगळ्यांना घरी पाठवतो!"

घरी गेलेली मुलगी परत येत नाही, हे मला ठाऊक होतं. मुलींनाही. चाळीस डोळे माझ्याकडं लागले.

इतक्या वर्षांत तिथं मी कोण हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

"साहेब, मजले दोनच, आणि मी आहे बौद्ध. माझी खाट काय जिन्यात टाकता?"