ऑर्डरमध्ये नसलेला माल

चाकणच्या एका कारखान्यात चिमाजीआप्पांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. बाहेरून आलेला माल तपासायचा आणि ऑर्डरमध्ये नसेल तो लाल टॅग बांधून परत पाठवायचा. पुरवठादार मालकाचा मेव्हणा असला तरी टॅग बांधायचा. एका खंडेनवमीला मालक नव्या यंत्राला नारळ फोडून, झेंडूचा हार घालून मोकळे झाले, तर आप्पांनी त्या हाराशेजारीच टॅग लटकवला. "पूजा झाली म्हंजे माल पास झाला असं न्हाई, साहेब," एवढंच म्हणाले. बढती तिथंच अडली. पण कासारवाडीच्या घरी आल्यागेल्याला ही गोष्ट ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही.

असा माणूस निवृत्तीनंतर लेकीसाठी लॅपटॉप घेतो, तेव्हा दुकानदाराची काही धडगत नसते. दसऱ्याला लॅपटॉप घरी आला, पूजा झाली, तिचा व्हिडिओही निघाला. दोन दिवसांनी रुपालीनं त्यातली सिस्टिम पुसून कॉलेजात वापरतात ती फुकटची टाकली आणि सहज बोलून गेली, "आप्पा, त्या आधीच्या सिस्टिमचे पैसे आपल्या बिलात धरलेत. तिच्या वापराचा करार मान्य नसेल तर ती परत करता येते, असं त्यातच लिहिलेलं असतं."

आप्पा ताडकन उठले. "मागितली न्हाई ती वस्तू गळ्यात मारली व्हय? परत!"

दुकानदार जयदीप हसला. "काका, ती आतच येते. साडीबरोबर ब्लाऊजपीस येतो ना, तसं समजा."

"मग बिनब्लाऊजपीसची साडी दाखव."

तशी त्याच्याकडे नव्हतीच. त्यानं कंपनीच्या हेल्पलाइनचा नंबर दिला. तिथल्या मुलीनं गोड आवाजात लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितला. दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून रामायण. वाकडच्या सर्व्हिस सेंटरात टोकन घेऊन दोन तास बसल्यावर कळलं, की यंत्रात बिघाड नाही, म्हणून तक्रारच होत नाही. "बिघाड तुमच्या डोक्यात हाय!" आप्पा काउंटरवर ओरडले आणि घरी येऊन जेवले नाहीत. रुपालीनं मेल पाठवले, तर प्रत्येकाला एकच उत्तर: आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.

"आवं, किती पैसं मिळणार हायती?" यशोदाबाई वैतागल्या. "जीव का जाळताय?"

"पैशाचं सोड. मी परत धाडलेला माल आजवर परत गेलाय. ह्योच एक घरात बसलाय."

चौथ्या महिन्यात मात्र कंपनीतल्या निरंजन नावाच्या एका खऱ्याखुऱ्या माणसाचं उत्तर आलं. पहिल्यांदा चालू करताना करार मान्य केला नव्हता, एवढं दाखवा, पैसे परत करू.

"मी कशाला मान्य करतोय!" आप्पांना आनंद आवरेना. "रुपाली, पूजेचा व्हिडिओ लाव!"

तिघं मोबाइलवर वाकले. पाटावर लॅपटॉप, हळदकुंकू, झेंडू. यशोदाबाई बटण दाबतात. बारीक अक्षरांनी पडदा भरतो. रुपालीचा आवाज येतो, "आप्पा, हे वाचायचंय का?" आणि पाठोपाठ आप्पांचा, खणखणीत: "मुहूर्त टळतोय, वाचत काय बसतीस? यशोदा, तुज्या हातानं दाब. मान्य म्हण!" मग टाळ्या.

आप्पांनी तो पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्या वेळी त्यांनी मान वर केलीच नाही. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"पाठवायला नको," रुपाली हळूच म्हणाली. "व्हिडिओ काढलाच नाही म्हणू."

"माज्याच हातानं झालं," यशोदाबाई म्हणाल्या.

"हात तुजा. माल पास म्या केला." आप्पांनी लेकीला मेल सांगितला: करार मीच मान्य केला होता, न वाचता. रुपाली 'न वाचता' वगळू पाहत होती, पण ते शब्द त्यांनी गाळू दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?

आप्पांनी चष्मा लावला. तो दोन ओळींचा मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला आणि स्वतःच्या बोटानं 'नाही' दाबलं.